मधलं पाणी

रेडिओचं काम बघणारा तिजानी वारून चाळीस दिवस झाले होते, आणि केरकेना बेटावरच्या बंदराच्या बिनतारी खोलीत होड्यांच्या आवाजावर लग्नाची गाणी वाजत होती. गावामागे एफएमचा नवा मनोरा उभा राहिला होता. त्याच्या जोरापुढे बंदराचा संच गुदमरून जाई.

असल्या उपद्रवावर तिजानीनं फार पूर्वी इलाज केला होता. अँटेनाच्या केबलला फाटा काढून त्यानं बरोबर मापाचा एक केबलचा तुकडा लोंबता सोडला होता. एफएमची लहर तिथं अडायची, होड्यांचे आवाज पुढे यायचे. आता एकटा तुकडा पुरेना.

“दुपारच्या बोटीनं स्फाक्स शहरातून माणूस येतोय,” कोळी संघाचा सचिव मुन्सिफ म्हणाला. “जुनं सगळं काढून नवं बसवेल. वाईट वाटून घेऊ नकोस, सलूहा. बापाचं काम चांगलंच होतं, पण त्याचे दिवस गेले.”

बापाच्या, तिजानीच्या, हाताखाली शिकलेल्या सलूहानं सकाळीच त्याच मापाचा दुसरा तुकडा कापून त्याच फाट्यावर जोडला होता. गाणं दबलं, पण गेलं नाही.

झावळ्यांचा भारा दाराशी टाकून म्हातारा लझहर आत आला; सगळं गाव त्याला ‘अम्म’, म्हणजे काका, म्हणे. केबलकडे पाहत राहिला.

“दोन्ही एकाच गाठीला?”

“मग कुठं बांधू?”

“पोरी, उथळ पाण्यात झावळ्यांची कुंपणं घालण्यात माझा जन्म गेला. कुंपणाला चिकटून कुंपण घातलं, तर ते एकच जाड कुंपण झालं. पहिल्यातून निसटलेला मासा दुसऱ्यानं वळवायचा, तर मध्ये पाणी नको? तुझ्या बापालाही सांगितलं होतं. नुसती मान डोलवायचा.”

“लहर म्हणजे मासा नव्हे, अम्म लझहर.”

“नसेल. मी आपला अडाणी.”

सलूहा पुढं काही बोलणार होती, पण थांबली. उठून ती कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीपाशी गेली. कालच तिनं बापाचा खण आवरला होता. त्यातली हातभर केबल, दोन्ही टोकांना जोडण्या असलेली, उरलासुरला तुकडा समजून तिनं पेटीत टाकली होती. तिच्यावरची चिठ्ठी काल वाचलीच नव्हती. बापाच्या अक्षरात एकच शब्द होता: ‘मध्ये’.

तिनं केबल लोंबत्या तुकड्याशेजारी धरली. लांबी तंतोतंत तेवढीच.

मग दुसरा तुकडा सोडवून तिनं ही हातभर केबल फाट्यापुढे बसवली, तुकडा तिच्या पलीकडच्या टोकाला जोडला, आणि संच लावला.

गाणं नव्हतं. बारीक खरखर होती. तिच्यातून एका होडीवरचा घोगरा आवाज आला, “बंदर, बंदर, ‘झैतूना’ बोलतेय. दक्षिणेच्या टोकाला आहोत. चारला येतो.”

सवयीनं मुन्सिफनं ‘पुन्हा सांगा’ म्हणायला माइक उचलला. सलूहानं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“झैतूना, ऐकलं. चारला.”

पलीकडचा आवाज चकित झाला. “एकदाच सांगून ऐकलंत? कोण आहे तिथं?”

“तिजानीची मुलगी.”

मुन्सिफनं घसा खाकरला. “स्फाक्सला फोन करतो. येऊ नको म्हणून सांगतो त्याला.”

“येऊ द्या की,” सलूहा म्हणाली. “त्यालाही बघू दे.”

“आणि मधल्या पाण्याचं कुणी सांगितलं, तेही सांग त्याला,” झावळ्या उचलत लझहर म्हणाला.

“सांगेन. दोघांचीही नावं सांगेन.”