जुनं लिंबू

अंबडच्या त्या कारखान्यात दर शनिवारी प्रेस मशीनवर नवं लिंबू-मिरची बांधायला सगळे पुढे सरसावायचे. जुनं काढायला मात्र कुणी धजत नसे. आठवडाभराची नजर त्यात उतरलेली!

"संघर्ष, तूच काढ बाबा. तुम्ही बौद्ध लोक हे मानत नाही ना," शेजारच्या मशीनवरचा गोरक्ष म्हणायचा. संघर्ष हसत ते काढून कचऱ्यात टाकायचा. आपण घाबरत नाही, याची त्याला ऐटच होती.

एका शनिवारी पत्र्याने त्याचं बोट कापलं. पट्टी बांधताना गोरक्ष हळहळला, "त्या लिंबाची बाधा कधीतरी होणार, हे मला वाटतच होतं रे."

संघर्ष त्याच्याकडे बघतच राहिला. लिंबावर त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता. पण गोरक्षचा होता, आणि तरीही दर शनिवारी त्याने हाक संघर्षलाच मारली होती.