बिननावाचं शिंगरू

दाम्दिनच्या मुलखात घोड्याला वेगळं नाव देत नाहीत. रंग तेच नाव: तांबडा, अबलख, करडी. त्यामुळे त्या वसंतात चारपाच दिवसांतच दाम्दिनच्या नजरेतले रंग उडाले, तेव्हा त्याच्या घोड्यांची नावंही गेली.

त्याला क्षयाच्या गोळ्या देताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "धूसर दिसायला लागलं की त्याच दिवशी या." पण वसंतात धुळीची वादळं सुटली की गोबीच्या वाळवंटात कुणाला स्वच्छ दिसतं? हा बाबा गार चहाने डोळे धूत बसला. एका सकाळी त्याने तांबडा समजून भलत्याच घोड्यावर खोगीर चढवलं आणि त्याची बायको खांद खो खो हसली. तो हसला नाही, तेव्हा तिने त्याला थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्यांतली डोळ्यांना बाधणारी तेवढी बंद केली. "नजर येईल परत कदाचित. महिने लागतील. नाहीही येणार."

मग तांबड्याची घोडी व्याली. नव्या शिंगराचा रंग घरधन्याने आधी बोलायचा, मग इतरांनी, अशी तिथली रीत. दाम्दिनने ओल्या पाठीवरून हात फिरवला. शिंगराच्या बापाचा तांबडा रंग उन्हात कसा पेटायचा! तो एकदा तरी बघायला त्याचा जीव तुटत होता.

"अहो, मी सांगू?"

"जीभ आवर. दिसलं की मीच सांगेन."

"आणि नाहीच दिसलं तर?"

"तर राहील बिननावाचं. त्याचं काय अडलंय? अडलंय माझं."

उन्हाळ्यात खांद घोडीचं दूध काढू लागली. पान्हा फुटावा म्हणून आधी शिंगराला लावायचं, मग ओढून बाजूला करायचं, असं दिवसातून कितीतरी वेळा. एकदा शेजारचा शराव म्हातारा आंबवलेलं दूध प्यायला आला आणि शिंगराकडे बघून म्हणाला, "वा! काय झकास..."

खांदने वाडगा त्याच्या तोंडालाच लावला. "प्या आधी! तोंड तेवढ्यापुरतंच उघडा."

दाम्दिन रोज सकाळी शिंगराजवळ जाऊन बसायचा. डोळ्यांतल्या धुरळ्यात एक गडद डाग हलायचा, कोमट श्वास हाताला लागायचा, बस. एके दिवशी त्याला राहवेना.

"खांद, तांबडं आहे ना गं? एवढंच सांग."

खांद शिंगराच्या गळ्यात हात टाकूनच उभी होती. डोळे पुसून ती म्हणाली, "मला काय विचारता? मी अजून बघितलंच नाहीये त्याला."