गटारात जाणारी ऊब

लोखंड वितळविणाऱ्या त्या कारखान्यात भट्टीवाल्याचा शब्द अखेरचा मानला जाई. बावीस वर्षांत त्याच्या भट्टीत लोखंड एकदाही गोठले नव्हते, आणि एवढीच काय ती त्या मनुष्याची कमाई होती. लोखंड आत गोठले की भट्टी मरते. मग तिला घणांनी फोडावे लागते, आणि ज्याच्या हातून ती मरते त्याला पुन्हा कोणीही भट्टीपाशी उभे करीत नाही.

या भट्टीच्या लालबुंद कुशीसमोर, हातभर अंतरावर, त्याच्या मेहुण्याने चार काळ्या पट्ट्या बसविल्या होत्या. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तेथेच वायरमन होता. तापलेल्या वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात, ते या पट्ट्या गिळतात व त्यांची वीज करतात, असे त्याने सर्वांस समजाविले होते. बाहेरची वीज गेली की भट्टीला हवा देणारा पंखा याच विजेवर फिरे. पट्ट्यांच्या पाठीमागून थंड पाण्याची नळी अखंड वाहत असे.

भट्टीवाल्याच्या डोळ्यांत सलत होती ती हीच नळी. पाणी गार आत जाई आणि कढत होऊन गटारात पडे. त्यात तो रोज बोट घाली, आणि रोज त्याचे पित्त खवळे.

"माझ्या भट्टीची ऊब गटारात ओततोस तू."

"भाऊजी, पट्टीला उजेड भट्टीचा लागतो, पण अंग गार लागतं. तापली की ती वीज देत नाही."

"उष्णतेवर चालणारी वस्तू उष्णतेनं बंद पडते होय? हे तुझ्या ताईला सांग. ती ऐकून घेईल, सख्खी आहे बिचारी."

त्या दिवशी दुपारी बाहेरची वीज गेली. इतर कामगार मुकादमासह अंगणात साचे भरीत होते. भट्टीत दोन टन लोखंडाचा रस होता, आणि ज्वाळेचा रंग भट्टीवाल्याला फिका भासला. त्याने क्षणभर विचार केला, ऊब गटारात जाऊ नये म्हणून नळीचा कॉक आवळला आणि छातीवर हात बांधून तो ज्वाळा उजळण्याची वाट पाहत राहिला. ज्वाळा उजळली नाही. पंख्याची घरघर मात्र खाली खाली येऊ लागली.

ती ऐकून वायरमन धावत आला. त्याची नजर कॉकवर गेली.

"पाणी कोणी तोडलं?"

"मी. भट्टी माझी आहे."

"बाजूला व्हा, भाऊजी."

"हात लावून तर बघ."

वायरमनने हात लावला नाही. त्याने हातातला पाना थेट भट्टीवाल्याच्या गालफडावर हाणला. दोन दात रक्तासह जमिनीवर पडले. भट्टीवाल्याने भट्टीशी टेकलेली पहार उचलली. ती त्याने आडवी फिरविली, आणि मेहुण्याच्या नडगीतून वाळके लाकूड मोडावे तसा आवाज निघाला. वायरमन भट्टीच्या तोंडासमोरील पन्हळीत आडवा कोसळला. तेवढ्याने भट्टीवाल्याचे समाधान झाले नाही. पडलेल्या माणसाच्या बरगडीत त्याने दोन लाथा घातल्या. तिसरी उचलली, तोच पंखा थांबला.

त्या शांततेत त्याने वर पाहिले. चारही पट्ट्या तडकल्या होत्या व त्यांतून धूर निघत होता. मेहुण्याचे म्हणणे शब्दशः खरे होते, हे त्याला तेव्हा कळले.

"लोखंड बाहेर सोडा," वायरमन कण्हत म्हणाला. "अजून पातळ असेल."

उपाय तेवढाच उरला होता. भट्टीच्या तोंडाचे मातीचे बूच पहारीने फोडायचे, म्हणजे रस पन्हळीतून वाळूच्या खड्ड्यात वाहून जातो आणि भट्टी वाचते. भट्टीवाल्याने पहार उगारली. पन्हळीत मेहुणा पडला होता.

"नीघ तिथून."

"पाय कोणी मोडला माझा? कसा निघू?"

सत्य लपविण्यात अर्थ नाही: पहार काही काळ उगारलेलीच राहिली. बावीस वर्षे एका बाजूस होती, आणि भट्टीच्या अंगाचा लाल रंग डोळ्यांदेखत काळवंडत होता. वायरमनने त्याचा चेहरा वाचला.

"भाऊजी," तो इतकेच म्हणाला, "मी खाली आहे."

भट्टीवाल्याने पहार फेकली व त्याला काखेत धरून ओढले. मोडका पाय पन्हळीच्या लोखंडी कडेत अडकला होता. तो हिसडून काढावा लागला. हाड कातडी फाडून बाहेर आले, आणि त्या किंकाळीने अंगणातली माणसे धावली. मेहुण्याला भिंतीशी टाकून भट्टीवाला परत आला व बुचावर घाव घालू लागला. बूच फुटले. अंगठ्याएवढी लाल धार आली, वीतभर वाहिली, काळी पडली आणि थांबली. तरी तो मारीतच राहिला. तळहातांची साले निघून पहार रक्ताने निसरडी झाली.

मुकादमाने त्याला मागून मिठी घातली. "बस कर. दगड झालाय आत. काय झालं हे?"

"पाणी मी तोडलं," तुटक्या दातांतून भट्टीवाला म्हणाला. "पायही मीच मोडला. लिहून घे." मग तो मेहुण्यापुढे ओणवा झाला. "चल, पाठीवर घेतो. दवाखाना गाठू."

वायरमनने त्याच्या मानेभोवती हात टाकला. दुसरा इलाज नव्हता.

"ताईला तुम्ही सांगायचं," तो कानाशी म्हणाला. "मी पडलो, घसरलो, असलं काही मी सांगणार नाही."

"नको सांगूस," भट्टीवाला म्हणाला, आणि ते ओझे सावरीत उठला.