बेताची हवा

कापडाच्या दुकानात सगळं बेतावर चालतं. पडदा बेतायचा, झगा बेतायचा, उशीचा अभ्रा बेतायचा. या दुकानातल्या थोरल्या बाई हवासुद्धा बेतायच्या. हा शब्द त्यांचा स्वतःचा. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली होती, पण शब्द पाडायला शाळा लागते, हे त्यांना अजून कुणी पटवू शकलं नव्हतं.

हवा बेतायची म्हणजे सकाळी मागची तावदानं सताड उघडायची. ऊन गल्लीत उतरलं की ती लोटून दारात ओला जाड पडदा सोडायचा. थंडीत तोच पडदा कोरडा, आणि मापाच्या टेबलाखाली विजेची शेगडी. मधूनमधून मखमलीच्या ताग्यावर मनगट टेकवून बघायचं. मखमल खोटं बोलत नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसून चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पडद्याची दोरी एका हाताला, पंख्याचं बटण दुसऱ्या हाताला.

"गिऱ्हाइकाला हवा आठवताच कामा नये," त्या म्हणत. "हवा विसरलं की माणूस कापडाकडे बघतं."

आणि आता सुनेनं एसी आणला होता.

यंत्र भिंतीवर चढून आठ दिवस झाले होते. ते चांगलं चाललं तर दारात काच बसणार होती, आणि काचेची चौकट नेमकी खुर्चीच्या जागी येत होती. सून गोड आवाजात म्हणाली होती, "आई, तुम्ही आता वर घरात आराम करा." आराम म्हणजे अडगळ, एवढं बाईंना कळत होतं. मुलगा माल आणायला परगावी गेला होता. इथे असता तरी त्या दोघींच्या मध्ये पडून 'बघू' याच्यापलीकडे काही बोलला नसता.

बाईंनी आठ दिवस तोंड मिटून नुसतं बघितलं. गिऱ्हाईक आत यायचं, "काय छान गार आहे" म्हणायचं, आणि दहा मिनिटांत कोपर चोळत बाहेर पडायचं. सून म्हणायची, सध्या बाजारच मंदा आहे. बाई मनात म्हणायच्या, बाजार नाही गं, तुझं डोकं मंद आहे. हा गारठाच लोकांना हुसकतोय. तो थोडा वाढला की या यंत्राचं पितळ पार उघडं पडेल.

आज सून काचवाल्याकडे मापं द्यायला निघाली. रिमोट टेबलावर ठेवून म्हणाली, "आई, याला हात लावू नका हं."

"मला काय करायचंय त्याला हात लावून," बाई म्हणाल्या, आणि ती कोपऱ्यावरून वळताच रिमोट उचलला.

आकडे त्यांना येत होते. वर अठरा लिहिलं होतं. चाळीस वर्षं पंख्याचं बटण फिरवलेल्या बाईला आकड्याची रीत कुणी शिकवायची? एकवर पंखा रेंगाळतो, पाचवर उडवून लावतो. आकडा चढवा, जोर चढतो. त्यांनी वरच्या बाणावर अंगठा ठेवला. टुक, टुक, टुक. सत्तावीसवर थांबल्या. आकाशातली नक्षत्रंही सत्तावीसच, त्याहून जास्त कुणी मागू नये. मग शाल घट्ट लपेटून त्या खुर्चीत बसल्या आणि गिऱ्हाइकं पळायची वाट बघू लागल्या.

आधी शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या. त्यांना पडद्याचं कापड हवं होतं. मग पोस्टातून निवृत्त झालेला एक म्हातारा आपल्या बायकोला घेऊन आला. मग दोघी जावा आल्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या.

बाई बघत राहिल्या. कुणी कोपर चोळेना.

यंत्राचा आवाज खाली खाली गेला, लांब कुठेतरी पाणी वाहत असल्यासारखा. हवा मऊ झाली. ती कुठून येते आणि कुठे जाते ते कळेना. नव्या कापडाचा खळीचा वास ताग्यांमधून हळूच उठला आणि दुकानभर पसरला. म्हाताऱ्यानं बायकोच्या खांद्यावर एक निळं कापड टाकलं आणि नुसता बघत उभा राहिला. दोघी जावा एकाच ताग्याची दोन टोकं धरून बसल्या होत्या, आणि थोरली धाकटीला काहीतरी सांगत होती. मास्तरीणबाई मखमलीच्या ताग्यांना टेकल्या. त्यांचा चष्मा हळूहळू नाकावरून घसरला, मान कलली, आणि त्या गाढ झोपल्या.

थंडीची वाट बघता बघता बाईंचेही डोळे जड झाले. तागे आपोआप उलगडायला लागले. पांढरं, पोपटी, जांभळं कापड फळ्यांवरून उतरून जमिनीवर वाहायला लागलं. त्यांची खुर्ची त्यावरून होडीसारखी सावकाश निघाली, आणि दार कुठे संपलं, गल्ली कुठे सुरू झाली, ते त्यांना समजलंच नाही.

"आई."

सून समोर उभी होती. हातात काचेच्या मापांचा कागद. तिनं दुकानावरून नजर फिरवली. मग रिमोट बघितला, आणि बघतच राहिली.

"सत्तावीस," ती अगदी हळू म्हणाली. "आई, आकडा वाढवला की गारवा कमी होतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंची झोप खाडकन उतरली. कमी होतो? त्यांनी शालीच्या आत हात आवळले. उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं. मला कुणी सांगायला कशाला हवं, चाळीस वर्षं काय माश्या मारल्या? एवढं बोलून सोडलं असतं तर खुर्चीला कुणी बोट लावलं नसतं. सुनेच्या डोळ्यांत तसं दिसतच होतं.

पण दुसऱ्याचं उष्टं बाईंनी कधी खाल्लं नव्हतं. हे तर यंत्राचं उष्टं.

"कुणी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आकडा चढला की गारठा चढतो. पंख्यासारखा. तुझी गिऱ्हाइकं पळवायला बसले होते मी."

सुनेचा चेहरा आधी कडक झाला, मग तोंडाचा एक कोपरा हलला.

"मग पळाली का?"

"दिसतंय ना तुला. एक तर घोरतंय."

सुनेनं कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. मापाच्या टेबलावरची पेन्सिल घेऊन तिनं चौकटीची रेघ खुर्चीपासून हातभर बाजूला सरकवली.

"काच एवढी अलीकडे घेऊ," ती म्हणाली. "दार जरा अरुंद होईल. उद्यापासून तुम्ही इथे बसून रोज पळवत जा."

"त्या आकड्यांचं मला नीट सांगून ठेव," बाई म्हणाल्या. "एकदाच सांग. मी काही बिनडोक नाही."

"सांगते. मास्तरीणबाईंना उठवू का आता?"

"राहू दे गं," बाई म्हणाल्या आणि शाल सैल केली. "झोपलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही."