झाकण डोक्यावर ठेवून

अहो, इकडे! फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी! मीच बोलतोय, पोचा पडलेला थर्मास. हसू नका. पोटात काच घेऊन पंचवीस हिवाळे बर्फात काढून दाखवा, मग हसा.

कारखान्यात माझ्यासारखे शेकड्यांनी होते. मला निवडलं आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते, चौकातल्या दुकानातले घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या पाठीवर नावं कोरायचे. अक्षर मुंगीएवढं, पण काय वळणदार! दर हिवाळ्यात चार दिवस दुकान बंद, स्की खांद्यावर आणि मी पाठपिशवीत. पहिल्याच वर्षी उतारावर नेणाऱ्या लिफ्टवर चढताना पिशवीतून निसटलो आणि तोंडाखाली हा पोचा आला. काच वाचली, नशीब माझं.

या घरात मला चहा सांभाळण्याखेरीज आणखी एक मान आहे. सुट्टीला कुठे जायचं ते माझ्या झाकणात ठरतं. चौघांच्या चार चिठ्ठ्या पडतात: आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि नात. नातीला सगळे टिकटिक म्हणतात, कारण तिचं तोंड कधी थांबतच नाही. आणि नोंदणी होण्याआधी कुणाला मत बदलायचं असेल, तर झाकण डोक्यावर ठेवून, सगळ्यांसमोर उभं राहून खरं कारण सांगायचं. झाकण पडलं की मत बाद. हा चावट नियम आजोबांचाच.

यंदा दोन जागा होत्या. एक मोठं रिसॉर्ट, उंचावर: मोकळे पांढरेशुभ्र उतार, बारा लिफ्ट, उड्या मारायला वेगळं मैदान. टिकटिकच्या वर्गातल्या तिघी तिथेच निघाल्या होत्या. दुसरं झाडीतलं, छोटंसं. तिथे लिफ्ट दोनच, त्यातली एक कायम रुसलेली.

रविवारी दुपारी चिठ्ठ्या उघडल्या. तीन मोठ्याला, एक झाडीला. झाडीची चिठ्ठी सुनेची. ती औषधांच्या दुकानात दिवसभर गर्दी झेलते, तिला जरा शांतता हवी होती. टिकटिक तर खुर्चीवर चढून नाचली.

"उद्या फोन करून नोंदवून टाकतो," मुलगा म्हणाला, आणि नवराबायको भाजी आणायला बाहेर पडले.

चिठ्ठ्या गोळा करताना टिकटिक एका चिठ्ठीवर अडली. अक्षरं एकमेकांवर चढलेली, शेवटचं तर अर्धं कागदावर आणि अर्धं मेजावर उतरलेलं. आजोबांची चिठ्ठी! मला ठाऊक होतं हो. गेलं वर्षभर त्यांचा हात आधी माझा पोचा चाचपतो, मग त्यांना माझं तोंड कुठे आहे ते कळतं. कपात बोट घालून ते चहा ओततात. बोटाला चटका बसला की समजायचं, कप भरला. पण मी सांगणार कुणाला?

तेवढ्यात आजोबा चहा ओतायला आलेच. टिकटिक त्यांच्या बोटाकडे बघत राहिली.

"आजोबा, भाजतं ना?"

"छे! घड्याळजीची बोटं ही, लाकूड झालंय त्यांचं."

"मागच्या वर्षी मोकळ्या उतारावर पडलात, ते पाय घसरून नाही ना?"

आजोबा खुर्ची चाचपत बसले. "पांढऱ्यावर पांढरं, बाळा. चढ कुठे, खड्डा कुठे, काही कळत नाही. झाडं असली की निदान काळी रेघ दिसते. तिच्या कडेकडेने जाता येतं. डॉक्टर म्हणाले, यंदा जमेल. पुढचं सांगता येत नाही."

"मग चिठ्ठीत मोठं का लिहिलंत?"

"तुझ्या मैत्रिणी आहेत ना तिथे! मी आपला खाली बाकावर चहा पीत बसेन. आणि हे बघ, कुणाजवळ बोलायचं नाही. शपथ घे."

तिने शपथ घेतली आणि गप्प झाली. इतका वेळ गप्प बसलेली टिकटिक मी पहिल्यांदाच पाहिली. मला फार वाईट वाटलं.

दिवेलागणीला सगळे जमले, तशी ती झाकण डोक्यावर ठेवून उभी राहिली.

"मला झाडीतलं हवं. मोठ्या ठिकाणी रांगा असतात. आणि... आणि त्या तिघी भांडखोर आहेत."

झाकण लटलटत होतं. थापा मारताना मान ताठ राहते होय? पण पडलं नाही.

"अगं, दुपारी तर नाचत होतीस!" बाप म्हणाला. "दोन-दोन झाली की! आता काय करायचं?"

"आता आजोबांना मत बदलायचंय," टिकटिक म्हणाली आणि झाकण त्यांच्या हातात दिलं.

आजोबांनी डोळे वटारले. ते वटारलेले डोळे तिच्या कानापाशीच कुठेतरी पोचले. पोरीने शपथ मोडली नव्हती, पण म्हाताऱ्याला बरोबर कोंडीत पकडलं होतं. नियम त्यांचाच, पळणार कुठे? त्यांनी झाकण टकलावर ठेवलं.

"मला झाडीतलं हवं," ते म्हणाले. "मला दिसेनासं झालंय रे. मोकळ्या बर्फात काहीच दिसत नाही. आणि मला यंदा बाकावर बसायचं नाहीये. घसरायचंय."

झाकण जागचं हललं नाही.

सुनेने उठून ते अलगद उतरवलं आणि त्यांचा हात हातात घेतला. मुलगा तडक फोनकडे गेला. उद्यापर्यंत थांबलाच नाही, उभ्या उभ्या झाडीतलं नोंदवलं.

तिथले चार दिवस काय सांगू! टिकटिक लाल टोपी घालून पुढे, "डावीकडे! आता उजवीकडे! आजोबा, वाका!" आणि आजोबा मागे, झाडांच्या कडेने. तिचं न थांबणारं तोंड असं कामाला आलं. खाली पोचले की धापा टाकत म्हणायचे, "चल, पुन्हा!"

मी बाकावर बसून बघत होतो. चहाच्या वेळी त्यांनी मला उचललं, पोचा चाचपला. टिकटिकने कप पुढे केला आणि माझ्या तोंडाला हळूच टेकवला. टक्. त्या आवाजावर त्यांनी ओतलं. कप भरत आला तशी ती म्हणाली, "पुरे." बोट बुडवावं लागलं नाही.

आता माझं बूच सैल झालंय. सकाळचा चहा दुपारपर्यंतही गरम राहत नाही. सूनबाई नवा, चकचकीत थर्मास आणायचं म्हणतेय. आणा, खुशाल आणा, मी रुसणार नाही. फक्त मला भंगारात देऊ नका, एवढंच मागणं आहे. नव्याला पोचा नाही. आजोबांच्या हाताला त्याचं तोंड कसं सापडायचं?