बराक नंबर दोनची भिंत

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत, सैनिक विसाव्याच्या फाटकातच शामलाबाईंच्या नाकात तेलरंगाचा वास शिरला. भाचीच्या लग्नाला म्हणून त्या भिवापूरला गेल्या होत्या. तीनच दिवस. पिशवी हातातच ठेवून त्या बराक नंबर दोनच्या व्हरांड्यात आल्या आणि जागीच थांबल्या.

भिंत पिवळी झाली होती. खाली तीन फूट गेरू, वर चकचकीत पिवळा, मधे दोरी लावून ओढलेली काळी रेघ.

परवापर्यंत या भिंतीवर नावं होती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या शिपायांसाठी ही बराक बांधली, आणि तेव्हापासून इथं राहायला आलेला जवळपास प्रत्येक जण चुन्याच्या गिलाव्यात खिळ्यानं आपलं नाव आणि गाव कोरत आला होता. चारशे बारा नावं. शामलाबाईंनी स्वतः उतरवून घेतली होती आणि त्यांच्याच जोरावर दोन वर्षं वारसा समितीचे उंबरे झिजवले होते. बराकी वारसा यादीत गेल्या तर वाचणार. नाही तर विसाव्याचं मंडळ त्या पाडणार, जागा बिल्डरच्या घशात घालणार आणि इथले एकवीस म्हातारे फौजी व शामलाबाईंसह पाच विधवा शहराबाहेर, बुटीबोरीच्या पलीकडं फ्लॅटांत जाऊन पडणार. समितीची पाहणी आज अकराला होती. आत्ता सव्वानऊ झाले होते.

"कोणं केलं हे?"

सुभेदार चंपतराव छाती काढून पुढं आले. वय एकोणऐंशी, मिशांना पीळ, मनगटापर्यंत पिवळे शिंतोडे.

"आम्ही सगळ्यांनी. पायऱ्यांले गेरू, झाडांच्या बुंध्यांले चुना. पाहून घ्या बाई, पलटणीतही अशी बराक पाहाले भेटली नसती."

"अन् नावं?"

"पुट्टी भरली न. मंग दोन हात रंग. साहेब लोक येऊन राहिले अन् भिंतीवर खरडलेलं दाखवाचं? मायावाल्या टाइमले भिंतीवर लिहिणाऱ्याले पाठीवर वजन बांधून मैदानभर पळवत होते."

"अहो, तेच खरडलेलं पाहाले येऊन राहिले ते!"

चंपतरावांनी रंगाचे हात पाठीमागं नेले.

"रंग कुठून आणला?"

"मंडळानं पाठवला. आनंदरावांनी स्वतः फोन केला. म्हणे, सुभेदारसाहेब, पाहणी आहे, विसाव्याची इज्जत तुमच्या हातात."

शामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आनंदराव मंडळाचे सचिव. गेल्या दहा वर्षांत त्यांनी इथं चुन्याची एक बादली पाठवली नव्हती. छत गळत होतं तेव्हा ताडपत्रीसाठी दिलेले अर्ज त्यांच्या टेबलावरच वाळले. पण माणसं त्यांना बरोबर ओळखता येत. फौजीला पाहणी म्हटलं की त्याचा हात आपोआप ब्रशाकडं जातो. मग बुलडोझर कशाला हवा?

"त्यानं तुम्हाले वापरलं, सुभेदार. अन् तुम्ही वरून त्याले सलाम ठोकला."

"जिभेले आवर घाला, बाई. म्या दोन लढाया पाहिल्या."

"मंग ही तिसरी दारात आली तवा डोये कुठं होते?"

अकराला समितीच्या वास्तुतज्ज्ञ कामिनीताई आल्या, आणि त्यांच्यासोबत आनंदराव. भिंत पाहून आनंदरावांनी मान डोलावली. "वा! मंडळींनी स्वतःच्या हातांनी केलंय."

कामिनीताईंनी अर्जातला फोटो काढला, भिंतीशी धरला, बोटानं रंग चाचपला. त्यांचा चेहरा पडला. शामलाबाई पत्र्याचा तुकडा घेऊन खरडायला पुढं झाल्या, तेव्हा कामिनीताईंनी त्यांचा हातच धरला. "नका. तेलरंगासोबत चुनाही निघेल. शामलाताई, फोटो आहेत, पण मला आज डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं आहे. मूळ गिलावा कुठंच उघडा दिसत नाही."

"मग तसंच लिहून टाका," आनंदराव म्हणाले.

शामलाबाईंनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. शेवटी लोखंडी कपाट होतं, कॅरम आणि जुने पेपर ठेवायचं. त्याच्याशेजारी रुपराव उभा होता, स्वतःच्या खाटेखाली कधी झाडू न घालणारा रुपराव.

"रुपराव, कपाट हलवलं होतं का गा?"

"हलवलं," चंपतराव म्हणाले. "माया हुकूम होता. मागंही दोन हात झाले."

"मी रुपरावले विचारून राहिली."

रुपरावनं आधी सुभेदारांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "साब, लय जड होतं. आजूबाजूनं मारला ब्रश. म्हटलं, इन्स्पेक्शनवाले कपाटामागं थोडी पाहतेत!"

"कामचोर! पलटणीत असता तर..."

"त्याच्यावर खेकसू नका!" शामलाबाई कडाडल्या. "तुमच्यासारखे सगळेच शिस्तीचे असते तर आज एक अक्षर उरलं नसतं. धरा कपाट."

चौघांनी कपाट सरकवलं. मागं जाळी, धूळ आणि कपाटाच्या मापाचा करडा चुना. श्रावण, उमरेड. हेमराज, भिवापूर. खाली आणखी, एकाला एक खेटून. कामिनीताई गुडघ्यांवर बसल्या आणि मोबाइलच्या उजेडात मोजत गेल्या. एकतीस.

"तीन फुटांवर वारसा ठरत नाही, मॅडम," आनंदराव म्हणाले.

"नाही ठरत. पण रंगाखाली काय आहे, त्याचा पुरावा होतो. रंग कुणी लावला हे लेखी मिळालं तर तज्ज्ञांकडून चाचणी होईपर्यंत पाडकाम थांबवा, असं मी आजच लिहीन."

आनंदराव चंपतरावांच्या कानाशी वाकले, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "सुभेदारसाहेब, सही कराल तर वारशाची नासधूस तुमच्या नावावर लागेल. पेपरात येईल. या वयात शोभतं का?"

चंपतरावांनी शामलाबाईंकडं पाहिलं. त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढं केलं. शेवटी सुभेदारांनी कागद कपाटाच्या दारावर टेकवला आणि सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'बराक नंबर दोनची भिंत मी रंगवून घेतली. नावं मी बुजवली.' पेन थांबलं. मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. 'रंग सचिव आनंदराव यांनी पाठवला व पाहणीआधी लावा असे फोनवर सांगितले.'

"हे कशाला लिहिलं?" आनंदरावांचा आवाज चिरकला.

"रिपोर्ट अर्धा देत नसतेत."

कामिनीताईंनी कागद फाइलला लावला. आनंदराव गाडीत बसेपर्यंत फोनवर कुणावर तरी ओरडत होते.

"आता तरी राग सोडा, बाई," चंपतराव म्हणाले.

"तीनशे एक्क्याऐंशी नावं अजून तुमच्या पिवळ्याखाली हायेत. ते सगळे निघाले का मंग पाहू. ब्रश अन् उरलेला रंग कुठं हाय?"

"भांडारात."

"चावी द्या."

भांडाराची चावी अठरा वर्षं सुभेदारांच्या कमरेला होती. त्यांनी ती सावकाश सोडवली. शामलाबाईंनी हात पुढं करून घेतली आणि कुलूप तपासायला निघून गेल्या.