मागच्या चाकावरची चाळीस मिनिटं

मित्रांनो, आधी एका माणसाचा फायदा मोजू, मग माझी ओळख करून देतो. हा माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या मोटारसायकलचे मागचे दोन शॉकअप सोमवारच्या आत बदलले गेले, तर त्याला रोज चाळीस मिनिटं मिळणार होती. वीस सकाळी, वीस संध्याकाळी. नाही बदलले, तर शून्य.

मी त्या दोघांतला डावा. मी एक जुना, गंजलेला, तेल गळणारा शॉकअप आहे. उजवा माझा जुळा भाऊ. एका कारखान्यात, एकाच दिवशी आमच्यावर स्प्रिंग चढली, आत तेल भरलं गेलं आणि एकाच खोक्यातून आम्ही बाहेर पडलो. पुढची पंधरा वर्षं आमच्यामध्ये फक्त एक चाक होतं.

आमचं काम तुम्हाला माहीत नसेल, कारण ते नीट चाललं की कुणाला कळतच नाही. गाडी खड्ड्यात आपटली की स्प्रिंग धक्का गिळते. पण गिळलेलं लगेच बाहेर टाकायची तिला खोड. म्हणून आत तेल असतं. ते तिला म्हणतं, बाई, जरा दमानं. तेल गेलं की स्प्रिंगला विचारणारं कुणी उरत नाही, आणि मागे बसलेला माणूस चेंडूसारखा उडतो.

या धंद्यात एक विद्या आपोआप येते. माणसाचं वजन कळतं. घड्याळजी संध्याकाळी बायकोला सांगायचा, दुपारी काहीच खाल्लं नाही. मला कळायचं की खाल्लं आहे, आणि दोनदा खाल्लं आहे. त्यांची मुलगी लहानपणी दोघांच्या मधे बसायची. दर वर्षी मी तिच्यापायी केसभर जास्त दबायचो. मग ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि मी तेवढाच वर आलो. घड्याळजी म्हणाला, "गाडी कशी हलकी चालते आता."

बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. मूळ कागद डावीकडे, छापलेला उजवीकडे, आणि दोन्ही ओळी सारख्या आहेत की नाही ते दिवसभर बघायचं. घरीही काम आणायची. संध्याकाळी टेबलाच्या एका टोकाला तो डोळ्याला भिंग लावून, दुसऱ्या टोकाला ती हातात पेन्सिल घेऊन. दोघांच्या माना खाली. त्या घरात तासन्‌तास फक्त घड्याळं बोलायची.

पण गाडीवर बसली की तिचं तोंड सुटायचं. वीस मिनिटांत ती अख्खा छापखाना त्याच्या कानात ओतायची. मालकानं स्वतःच्याच लग्नाच्या निमंत्रणात तारीख कशी चुकवली, आणि वर कामगारांनाच कसं झापलं. घड्याळजी हसायचा. आवाज नाही यायचा, पोट हलायचं. ते हलणं मला कळायचं आणि तिला कळायचं. तिसऱ्या कुणाला नाही.

आता आमच्या हालांकडे येऊ. हा माणूस लोकांची घड्याळं दर वर्षी उघडून पुसायला लावायचा. "तेल वाळलं की यंत्र मेलं," असं गिऱ्हाइकांना सुनवायचा. माझ्यावरून मात्र त्यानं पंधरा वर्षांत एकदाही फडकं फिरवलं नाही. माझ्या दांड्यावर चिखल वाळला. त्यातले खडे आतल्या रबरी सीलला घासत राहिले, सील फाटलं, तेल गळू लागलं. गाडी उभी राहायची तिथे फरशीवर बशीएवढा डाग पडला. तो म्हणाला, चेनचं तेल असेल. दुसऱ्याच्या घड्याळातला धुळीचा कण दिसायचा, स्वतःच्या गाडीखालची बशी नाही.

मग बायकोची कंबर धरली. शुक्रवारी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धक्के बंद. तिनं घरी येऊन बसच्या पासाचा अर्ज टेबलावर ठेवला. सोमवारपासून बसनं जायचं ठरवून त्यावर फोटोसुद्धा डकवून आणला होता.

घड्याळजी लगेच गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं मला अंगठ्यानं दाबलं आणि हसला. "हे दोघं कधीच रिटायर झालेत. गुरुवारी आणा गाडी."

"सोमवारच्या आत हवी."

"मग तुमची तुम्ही करा, भाऊ. घड्याळापेक्षा मोठे नट आहेत, दिसतील तरी." आणि मागून ओरडून सांगितलं, "एका वेळी एकच बाजू सोडवा हां."

घरी बायको म्हणाली, "गुरुवारपर्यंत बसनं जायचं तर पास काढावाच लागेल. पास महिन्याचा असतो. आणि एकदा मला बसची सवय लागली ना, की मी काही परत तुमच्या मागे बसायची नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"सोमवारी गाडी तयार असेल," तो म्हणाला.

"मग मी अर्ज सोमवारी सकाळी भरते."

शनिवारी दुपारी तो नवी जोडी घेऊन आला. गॅस भरलेली, जाड स्प्रिंगची, आमच्यापेक्षा वरच्या दर्जाची. खाली कडक-मऊ करायला पाच खाचांची कडी. दिसायला देखणी होती, उगाच नावं कशाला ठेवू.

दारापुढच्या फरशीवर त्यानं गाडी मधल्या स्टँडवर घेतली, शेजारी पांढरं फडकं अंथरलं आणि गुडघ्यावर बसला. माझा खालचा नट गंजून बसला होता. त्यानं काय करावं? घड्याळाच्या तेलाची सुई आणली. सुईनं नटाच्या कडेला एक थेंब सोडला आणि दहा मिनिटं वाट पाहिली. मग दुसरा थेंब. पुन्हा दहा मिनिटं. डॉक्टरांनी वाकायला मना केलं होतं म्हणून बायको स्टुलावर ताठ बसून बघत होती.

"अहो, नटाला तेल देताय की डोळ्यांत औषध घालताय?"

"जोर लावला की वस्तू तुटते," तो मान वर न करता म्हणाला. तीस वर्षं त्याच एका नियमावर त्याचं पोट चाललं होतं.

"तुटलं तर तुटलं. काढूनच टाकायचंय ना ते?"

मित्रांनो, 'ते' म्हणजे मी. पण बाई खरं बोलत होती. तिनं परसातून जुन्या हातपंपाची नळी आणायला लावली. ती पान्याच्या दांड्यावर चढवली, की पाना दुप्पट लांब. घड्याळजीनं डोळे मिटले आणि दाब दिला. पाना सटकला, बोटांची साल गेली. त्यानं रुमाल गुंडाळला आणि पुन्हा दाब दिला. पुन्हा सटकला, या वेळी नख गेलं. तिसऱ्यांदा त्यानं डोळे उघडे ठेवले. नट कुरकुरला आणि सुटला. पंधरा वर्षांत मी त्याला इतका घामाघूम पाहिला नव्हता.

इथवर ठीक होतं. पण घड्याळजीची एक सवय. घड्याळ हाती आलं की आधी सगळं उघडायचं, पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडायचं, आणि मगच जोडायला घ्यायचं. मिस्त्री काय म्हणाला ते तो साफ विसरला. मला काढून फडक्यावर ठेवलं, वॉशर, नट क्रमानं लावले, आणि त्याच तंद्रीत भावालाही काढलं. आम्हा दोघांपैकी एक जागेवर असता, तर चाक जागेवर राहिलं असतं. दोघंही निघालो आणि चाक धप्पकन खाली बसलं. आता नवा शॉकअप वर बसवला, तर खालचं भोक चाकाजवळच्या खिळ्यापासून चार बोटं लांब. एका हातानं चाक उचलावं, तर दुसऱ्या हातानं काम होईना. अंधार पडेपर्यंत तो झटत होता. फडक्यावरची मांडणी मात्र अगदी सुबक होती.

"उद्या बघू," बायको म्हणाली आणि आत गेली. अर्ज टेबलावरच होता.

रविवारी उजाडताच तो पुन्हा हजर. थोड्या वेळानं बायको बाहेर आली. तिनं कपाटाची सुटी फळी आणायला लावली, तिच्याखाली एक वीट ठेवली, फळीचं टोक चाकाखाली सरकवलं आणि दुसऱ्या टोकाशी स्टूल घेऊन बसली.

"डॉक्टरांनी कंबर सांगितलीय, पाय नाही," असं म्हणून तिनं पायानं फळी दाबली. चाक अलगद वर आलं.

"थोडं अजून. थांब. केसभर खाली. बस, बस."

"केसभर म्हणजे किती ते एकदा ठरवा."

तासाभरात दोन्ही नवे जागेवर बसले. तिनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. शेवटी ती ओळी ताडून पाहणारी बाई. "इकडे कडी दुसऱ्या खाचेवर आहे, तिकडे तिसऱ्या. दोन्हीकडे सारखं नाही."

त्यानं पाहिलं, आणि दोन्हीकडे तीन केलं.

मग तो एकटाच गाडीवर बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. ती दारात उभी होती, मी तिच्या पायाशी फडक्यावर. येताना गाडी एकदाही उडाली नाही. त्याचा चेहरा फुलला होता. पण चाकापाशी बारीक आवाज येत होता. टिक, टिक, टिक.

"हे काय वाजतंय?" तिनं विचारलं.

"छान चालतंय की."

मित्रांनो, या माणसानं आयुष्यभर टिकटिक ऐकली की सुटकेचा श्वास सोडला होता. टिकटिक म्हणजे जिवंत. त्याला त्यात काळजीचं काही ऐकूच येईना. मला मात्र कळलं होतं. नवे नट त्यानं सवयीनं आवळले होते, पाना दोन बोटांत धरून, मनगट न वळवता. अशानं घड्याळाचा स्क्रू बसतो. मोटारसायकलचा नट चार दिवसांत रस्त्यावर पडतो, आणि त्याच्यामागून माणसं पडतात. मी ओरडूनही सांगितलं असतं, पण आम्हाला तोंड नाही.

"घड्याळ वाजतं, गाडी नाही," ती म्हणाली. "हे थांबल्याशिवाय मी बसणार नाही. आणि उद्या सोमवार आहे."

तो सोललेली बोटं खिशात घालून मिस्त्रीच्या घरी गेला, लांब पाना मागायला. मिस्त्री पान्यासकट आला, चहाचा कपही घेऊन आला. एवढी गंमत कोण सोडतो? त्यानं नटाला नुसतं बोट लावलं. नट फिरला.

"भाऊ, घड्याळाला चावी देत होता का? अंगातला जोर लावा. मोडलं तर मी आहे."

घड्याळजीनं पाय रोवले आणि आवळलं. एक नट, दुसरा, तिसरा, चौथा. चेहरा असा, जणू स्वतःच्या हातानं कुणाचं तरी घड्याळ फोडतोय. तरी थांबला नाही. मिस्त्री म्हणेपर्यंत आवळत राहिला. मग बायको मागे बसली. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वळली, परत आली. टिकटिक नव्हती. ती खालीही उतरली नाही. "मोठ्या रस्त्यानं एक फेरी मारू या," म्हणाली.

संध्याकाळी तिनं अर्जावरचा फोटो जपून सोलून काढला, फोटो वाया घालवणारी ती बाई नव्हे. उरलेला अर्ज माझ्याखाली सारला, माझं तेल फरशीला लागू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी चाकामागे लपून धक्के खात असेल. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं त्याचा दांडा पुसा. गाडी उभी राहते तिथे खाली वाकून बघा. बशीएवढा डाग दिसला तर तो चेनचा म्हणून सोडून देऊ नका. त्यानं माझं काही परत यायचं नाही, पण तुमच्या गाडीवर कुणाची तरी कंबर वाचेल.

माझा जुळा भाऊ आता छापखान्यात आहे, मुद्रितं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला. मी घड्याळजीच्या दुकानात, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्यापाशी. सकाळी बायकोला छापखान्यात सोडून तो एकटा येतो. कुलूप काढताना त्याचं पोट अजून हलत असतं. ती आज काय म्हणाली, ते मला कळत नाही.

तेव्हा शेवटी मोजू. बायकोनं तासभर पायानं फळी दाबली. मिस्त्रीनं एक काम घालवलं आणि एक तमाशा फुकट पाहिला. घड्याळजीनं तीन बोटांची साल, एक नख आणि तीस वर्षं जपलेला नियम दिला, आणि त्याला चाळीस मिनिटं मिळाली. तीच चाळीस मिनिटं पंधरा वर्षं माझीही होती. ती मी माझ्या वाट्याची किंमत म्हणून भरली.